पक्षाघातानंतर बाबांची झोप उडालीय. हे नैराश्य असेल का?

बाबांना पक्षाघात होऊन चार महिने झाले. उजवी बाजू गेली होती. पाय बरा आहे, हात अजून उचलत नाही, बोलणं बरंचसं परत आलंय. रात्री दहाला डोळा लागतो आणि तीनला टक्क जाग. मी शेजारीच गादी टाकून झोपते. हाक मारत नाहीत, नुसते छताकडे बघत पडून असतात. मग दिवसभर खुर्चीत पेंगतात. व्यायामाचं नाव काढलं की "आज नको". रोज शब्दकोडं सोडवणारा माणूस, आता पेपरची घडीही मोडत नाही. घरचे म्हणतात, एवढं दुखणं झाल्यावर उदास वाटणारच. मला हे पटत नाही. झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर १
ताई, मनाने गोळी देऊ नका. घोरतात का? घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं आणि मग धाप लागल्यासारखा श्वास येतो का? माझ्या पत्नीचं तसंच होत होतं. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा विकार, निघाला. पक्षाघातानंतर निम्म्याहून जास्त जणांना तो असतो, असं डॉक्टर म्हणाले. काही झोपेच्या गोळ्यांनी तो वाढतो, शिवाय रात्री उठताना तोल जायची भीती. ती आता श्वासाचं मशीन लावून झोपते. दिवसाची पेंग गेली, चिडचिडही पुष्कळ उतरली.

उत्तर २
मी पुनर्वसन वॉर्डात परिचारिका आहे. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. त्याला परावलंबन कारण असतं, तशी मेंदूची इजाही. पहाटे लवकर जाग येणं आणि आवडीच्या गोष्टी सुटणं ही त्याची नेहमीची लक्षणं. झोप मोडली की मन आणखी खचतं, मन खचलं की झोप येत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकदमच सांगा. नैराश्यावर उपचार आहेत. 'उदास वाटणारच' म्हणून थांबलात तर व्यायामाचे मोलाचे महिने जातील. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मूळ प्रश्नकर्ती
काल तीनला जागे झाले तेव्हा दिवा न लावता विचारलं. जगणं नकोसं नाही म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "झोपेत परत झटका आला तर तुला कळणार कसं?" चार महिने हे एकटेच मनात घेऊन पडत होते. श्वास अडकतो तो आवाज मोबाइलवर घेतलाय. उद्या डॉक्टरांना ऐकवते.