टांझानियातील गाव-वाचनालयासाठी मदत हवी आहे
नमस्कार. टांझानियातील इरिंगा भागातल्या एका गावात, शाळेच्या रिकाम्या खोलीत, गावकऱ्यांच्या साथीने वाचनालय उभारण्यासाठी मी जूनपासून स्वयंसेवक म्हणून जात आहे. तेथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत असल्यामुळे देणगीदाखल आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तके लहान मुलांच्या उपयोगी पडत नाहीत. गेल्या भेटीत त्यांचे एक खोके उघडले, तेव्हा तळाची पाने वाळवीने जाळीसारखी पोखरलेली होती. ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या संकेतस्थळावरील मोफत स्वाहिली गोष्टी छापून घेण्याचा विचार आहे, पण मुलांच्या हाताळणीत टिकेल अशी बांधणी कशी करावी? वाळवीपासून कपाटे कशी जपावीत? आपल्याकडे गावात ग्रंथालय चालवलेल्यांनी, तसेच दार-ए-सलामच्या मराठी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. मी परतल्यावर देवघेवीची नोंदवही कोण सांभाळणार, याची मला सर्वाधिक काळजी वाटते.