ग्रामसभेच्या ठरावावर सही करताना जनसुरक्षा विधेयकाची भीती बाळगावी का?

प्रश्न (कोरची तालुका)
आमच्या ग्रामसभेत खाणीच्या प्रस्तावाविरुद्ध ठराव यायचा आहे. परंतु विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये नक्षलवादी संघटनांना आळा घालण्यासाठीचे विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केल्यापासून, तेंदूपानाच्या लिलावात निर्धास्तपणे अंगठा देणारी माणसेसुद्धा या कागदापासून दूर राहत आहेत. त्यातच गावातील दोघांना पोलीस ठाण्यात हजर राहण्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सही करणे हा गुन्हा ठरतो का, आणि अशा निरोपावर जावेच लागते का?

उत्तर १ (वकील, गडचिरोली)
केवळ सहीने गुन्हा होत नाही. शासनाने एखादी संघटना आधी बेकायदेशीर म्हणून अधिसूचित केली, तरच या विधेयकातील शिक्षा लागू होतात: सदस्यत्वासाठी तीन वर्षांपर्यंत, सदस्य नसताना मदत केल्यास दोन, आणि प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास. ग्रामसभेला तर १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनीच अधिकार दिले आहेत. मला काळजी वाटते ती व्याख्येची, कारण प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हेही त्यात बेकायदेशीर कृत्य धरले आहे, आणि शांततेने रस्त्यावर बसलेल्या गावकऱ्यांनाही ते लावता येईल इतके ते सैल आहे.

निरोपाविषयी: आरोपी म्हणून बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५ प्रमाणे रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. साक्षीदारासाठीही कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. महिलांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना तर या कलमाखाली राहत्या ठिकाणाबाहेर हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक, धानोरा)
वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, तथापि खबरी ठरवून ज्यांच्या घरातील माणूस नक्षलवाद्यांनी रात्री उचलून नेला, त्यांना कठोर कायदा हवासा वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. आमच्या भागाने ते भोगले आहे.

उत्तर ३ (देसाईगंज)
गुरुजी, ते दुःख खरेच आहे. पण त्यासाठी १९६७ चा यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायदा) आणि १९९९ चा मोक्का (संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) आधीपासून आहेत. माओवादी नेता भूपती ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तोही जुन्याच कायद्यांच्या काळात. यूएपीएत जामीन किती दुरापास्त असतो, हे माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. साईबाबा यांच्या खटल्यात दिसले. गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना दोषी ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडले, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगित केला, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. त्याच खटल्यातील आपल्या जिल्ह्याचे पांडू नरोटे मात्र ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना मरण पावले होते. (त्यांचे नाव आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.) निर्दोष सुटण्याआधीच माणूस संपत असेल, तर शिक्षा किती वर्षांची हा प्रश्न दुय्यम ठरतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ठराव कार्यवृत्त नोंदवहीत घेऊन त्याची प्रत तहसील कार्यालयात द्यावी व पोच घ्यावी, असे आम्ही ठरवत आहोत. त्या दोघांनी लेखी नोटीस मागणारा अर्ज ठाण्यात स्वतः द्यावा, की वकिलामार्फत?

उत्तर १ (वकील, गडचिरोली)
वकिलामार्फत द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.