अतिसंयुग्मनातला 'अति' कोणता?

— मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात बारावीच्या पोट्ट्यायची केमिस्ट्री घेतो. काल एक पोट्टी म्हणे, सर, अतिवृष्टी म्हणजे जास्तीचा पाऊस, मंग अतिसंयुग्मन म्हणजे जास्तीचं संयुग्मन, ते जास्त ताकदीचं पाहिजे ना? आता खरं तर उलटं आहे, अतिसंयुग्मनाचा, म्हणजे हायपरकॉन्जुगेशनचा, परिणाम साध्या संयुग्मनापेक्षा, म्हणजे कॉन्जुगेशनपेक्षा, बहुतेक कमजोरच असते. मले पटकन उत्तर सुचलं नाही. शब्दच चुकला का?

— शब्द नाही चुकला, सर. आधी साधा शब्द घ्या. कॉन्जुगेशन लॅटिनमधून आला, त्याच्या पोटात जे 'जुग' बसलंय ना, तेच आपलं बैलाच्या मानेवरचं जू! संस्कृतातलं युग, युग्म, सगळं एकाच मुळातलं. म्हणजे संयुग्मन हे नुसतं भाषांतर नाही, जुनं नातं आहे. ब्युटाडाईनमधे दुहेरी-एकेरी-दुहेरी असे बंध, चारही कार्बनचे पी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहायच्या जागा, बाजूबाजूनं जुंपलेले, त्यातले पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधाचे, चौघांत मिळून. रांग लांबली की रंग दिसतो, आपल्या भेदऱ्यातल्या, म्हणजे टमाट्यातल्या, लायकोपीन या रंगद्रव्यात असे 11 दुहेरी बंध ओळीनं जुंपले आहेत, म्हणून भेदरं लाल.

आता 'अति'. हा अतिवृष्टीतला नाही, अतिक्रमणातला आहे, म्हणजे पलीकडे जाणं, आणि ग्रीक 'हायपर'लाही हे दोन्ही अर्थ आहेत. सिग्मा बंधाचे, म्हणजे साध्या एकेरी बंधाचे, इलेक्ट्रॉन आपल्या दोन अणूंच्या मधात राहणारे, पण बाजूच्या कार्बनवर रिकामं पी ऑर्बिटल दिसलं की सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंधातले इलेक्ट्रॉन जरासे तिकडं सरकतात, शेजारी शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरतो तसे. संयुग्मन आपली हद्द सोडून सिग्मात शिरलं, एवढाच तो 'अति'. कॅटायन म्हणजे धन भाराचा आयन, इथं त्याच्या कार्बनवर ते रिकामं पी ऑर्बिटल असते. टर्शरी ब्युटाइल कॅटायनला धुऱ्यावर असे 9 हायड्रोजन, आयसोप्रोपाइलला 6, इथाइलला 3, मिथाइलला एकही नाही, आणि टिकण्याचा क्रमही तोच.

— धुरा मस्त बसला काका, पण एक खोट आहे. धुरा कोरला की एकाची जमीन जाते, भांडण तहसीलपर्यंत. इथं तर दोघायचंही भलंच होते. आणि पुस्तकात ते 'नो बॉन्ड रेझोनन्स'चं चित्र, त्यात बंध न दाखवता हायड्रोजन सुटा काढते, आमचे अर्धे पोट्टे समजतात एच प्लस (हायड्रोजनचा आयन) खरंच निघून गेला! तो कुठंच जात नाही बाप्पा, जागेवरच असते, बंध फक्त थोडा ढिला होते.

— हो, भांडणाचं तुमचं खरं, उपमा तिथं लंगडी.

— मंग प्रोपीनचं काय? तिथं तर रिकामं पी ऑर्बिटल नाहीच, तरी अतिसंयुग्मन म्हणतात. पोट्टी हे विचारणारच, मी तिले ओळखतो.

— तिथं दुहेरी बंधातल्या पाय बंधाचं अँटीबॉन्डिंग ऑर्बिटल, म्हणजे त्याच बंधाची वरच्या ऊर्जेची जागा, रिकामं असते ना सर, मिथाइलच्या 3 सी-एच बंधातले इलेक्ट्रॉन त्याच्याकडं झुकतात. आता तिले हे धुऱ्यावर कसं बसवून सांगाल ते तुम्हीच पाहा.