मदत हवी आहे: पायोकेलिनचे दोन ठिपके, समघटक की विघटन?
मातीतल्या स्यूडोमोनास प्रोटेजेन्स या जिवाणूने बनवलेलं एनँटिओ-पायोकेलिन (लोह पकडणाऱ्या पायोकेलिन रेणूचं आरशातल्या प्रतिमेसारखं रूप) वेगळं करतोय. काचेची भांडी आम्लाने धुतली, माध्यमात लोह मुद्दाम घातलेलं नाही. पेशी काढून द्रवाचा पीएच २ च्या आसपास आणला आणि इथाइल अ‍ॅसिटेटने अर्क काढला. सीएएस चाचणी (लोह पकडणारा रेणू असेल तर निळा रंग नारिंगी होतो) नारिंगी आली.

अडचण टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत) आहे. एकमेकांच्या अगदी जवळ दोन ठिपके दिसतात. फेरिक क्लोराइडने दोन्ही तांबूस-तपकिरी होतात. सॅलिसिलिक आम्ल जांभळं होतं, शेजारी चालवून पाहिलंय, म्हणजे ते हे नाही. अर्क मिथेनॉलमध्ये रात्रभर राहिला होता, आणि मिथेनॉलमध्ये पायोकेलिनचे दोन समघटक (तेच अणू, पण अवकाशातली मांडणी वेगळी) एकमेकांत बदलतात. रेणूतलं थायाझोलिन कडं तुटून विघटन झाल्याचीही भीती वाटते.

मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध नाही. एकच ठिपका खरवडून, मिथेनॉलमध्ये ठेवून पुन्हा चालवला आणि दोन्ही उमटले, तर तेवढा पुरावा पुरेल का? मिथेनॉलमध्ये किती वेळ ठेवावं?