'निगुन'ला मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद: एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. हसिदी ज्यूंची, म्हणजे ज्यूंमधल्या एका भक्तिपंथाची बैठक. एक आजोबा डोळे मिटून, बोटांनी टेबलावर ठेका धरून नुसतं 'याय दाय दाय, बिम बम' गातायत. शब्दच नाहीत. याला निगुन म्हणतात. मी 'धून' लिहिलं, तपासनिसांनी 'भजन' केलं. काय ठेवू?

अडगळ: भजनात देवाचं नाव नको? सरळ 'चाल' लिहा. धून हिंदीतली पाहुणी.

तानपुरा_गहाण: चाल कशाला लावणार? शब्दच नाहीत म्हणताय ना! आमच्या गावच्या सप्ताहात रात्रभर नामधून चालायची, हिंदी म्हणून कुणी बंद पाडली नाही.

भाबडा: निगुन म्हणजे निर्गुणच असणार. रफार गळला. कुमारांची निर्गुणी भजनं आठवा.

रेवदंडेकर: काहीही! हिब्रूत न-ग-न धातू आहे, वाद्य वाजवणे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू जमात. आजीच्या तोंडी मराठी कीर्तनं होती, अब्राहामाचं आख्यान वगैरे, पण निगुन नाही. हसिदी पंथ 18व्या शतकातला, पूर्व युरोपातला. आम्ही तेव्हा कोकणात तेलाचे घाणे चालवत होतो, शनिवारी बंद ठेवायचो म्हणून शनवार तेली.

कोरा_कागद: माहितीपटातलं हे निगुन 'चार बावां'चं आहे, हसिदी गुरू लियादीच्या श्नेउर झाल्मन (1745–1812) यांचं. चार भाग म्हणजे ज्यू गूढवादातली चार विश्वं: असिया, यत्सिरा, बेरिया, अत्सिलुत. खालून वर, कृतीपासून थेट ईश्वराच्या लगत. लग्नात आणि मोठ्या दिवशी गातात, तेही उभ्यानं. शब्द आले की सूर तिथेच संपतो, म्हणून शब्द नकोत असं हसिदी मानतात. आरामी या ज्यूंच्या जुन्या भाषेत बावा म्हणजे दार.

अडगळ: आमच्या गिरगावात बावा म्हणजे पारशी!

तानपुरा_गहाण: मग तराणा म्हणा. 'दिर दिर तोम'ला तरी कुठे अर्थ असतो?

रेवदंडेकर: तराण्यात गवय्याची तयारी दिसते. इथे गाणाऱ्यानं दिसायचंच नाही. त्यांचा शब्द द्वेकुत, देवाला चिकटून राहणं. हिब्रूत गोंदालाही त्याच धातूचा शब्द आहे, देवेक.

भाबडा: म्हणजे तल्लीन!

रेवदंडेकर: तल्लीन फार गुळगुळीत झालाय हो. गाण्याच्या प्रत्येक निवेदनात असतो. गोंदाचा चिकटपणा कुठाय त्यात?

अडगळ: पारशी बावा आणि साधू-बावा एकच का? कुणी सांगेल?

तानपुरा_गहाण: वेगळा धागा काढा. आणि 'धून' ध्वनीवरूनच आलाय, पाहुणी कसली!

कोरा_कागद: तपासनिसांनी आता 'भक्तिगीत' केलंय.