ब्रेकरला कुलूप घालून भागणार नाही

2014 साली मलेशियाचं एमएच370 विमान बेपत्ता झालं, तेव्हा त्याच्या ट्रान्सपॉन्डरचे (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या यंत्राचे) सिग्नल थांबले होते. तसं पुन्हा होऊ नये म्हणून 'कॉकपिटमधून बंदच करता येणार नाही असा ट्रान्सपॉन्डर बसवा' असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये पोरांनी हात लावू नये म्हणून विजेच्या ब्रेकरच्या पॅनेललाच कुलूप घातलेलं. केबल धुरावली तेव्हा किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर टिळकवाडीत. विमानात धूर आला की संशयित सर्किट ब्रेकर पाडून तोडावंच लागतं. 1998 साली स्विसएअर 111 मध्ये कॉकपिटच्या वर आग लागून 229 माणसं गेली. त्यानंतर विजेवरचं यंत्र वैमानिकाच्या हाताबाहेर ठेवा म्हणणं अवघडच.

या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही ते असं, की एमएच370 नंतर आंतरराष्ट्रीय नियमांनी कुलपाचा नाद सोडून वेगळी वाट धरली. 2024 पासून नव्या, 27 टनांहून जड प्रवासी विमानांत संकट ओळखून दर मिनिटाला आपोआप ठिकाण कळवणारी, विमानाची वीज गेली तरी चालणारी यंत्रणा हवी. (आमच्या सांबरा विमानतळावर दिसणारं छोटं एटीआर 72 विमान साधारण 23 टनांचं, म्हणजे त्यातून सुटलंच.) पण ती जागी होते विचित्र कल, वेग, जमिनीवर आदळण्याची चिन्हं किंवा सगळी इंजिनं बंद पडलेली दिसल्यावर. कुणी मुद्दाम सरळ, शांतपणे भलतीकडे नेलं तर ती स्वतःहून बोलेलच असं नाही.