बालविकास व कौटुंबिक अभ्यासाची पदवी घेतल्यावर नागपुरात पुढे काय करावे?

प्रश्न : पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, मानेवाडा

मी मानव विकास हा विशेष विषय घेऊन गृहविज्ञानाची पदवी या उन्हाळ्यात पूर्ण करीत आहे. शिशुविकास, कुटुंबातील नातेसंबंध आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे विषय मी मनापासून शिकले. शेवटच्या वर्षी महाविद्यालयाच्या बालवाडीत एकाच मुलाची निरीक्षणवही लिहायची होती. माझ्या वाट्याला आलेला मुलगा पहिले पाच आठवडे कोणाशीही बोलला नाही. तान्ह्या पोळ्यासाठी मुले मातीचे बैल करीत असताना मात्र तो माझ्याजवळ आला आणि ‘याचं शिंग पडते’ एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून याच क्षेत्रात राहायचे, असे मी ठरवले आहे.

घरी मात्र काळजी आहे. वडील बँकेच्या परीक्षा द्यायला सांगतात आणि मामा बी.एड. करायला सांगतात. केवळ या पदवीवर कोणती कामे मिळतात, कोणत्या कामांसाठी आणखी शिक्षण घ्यावे लागते आणि त्यासाठी दोन वर्षे व घरचा पैसा खर्च करणे योग्य ठरेल का, हे या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर 1 : निवृत्त मुख्य सेविका, हिंगणा तालुका

ताई, तुमच्या पदवीचा सर्वांत जवळचा संबंध एकात्मिक बाल विकास सेवा योजनेशी आहे. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठी असलेल्या या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरजूंना पुढील उपचारांसाठी पाठवणे), पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण ही सहा कामे येतात. जिल्हा परिषदेच्या पर्यवेक्षिका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविका, या पदाच्या भरतीत गृहविज्ञान व बालविकास या विषयांच्या पदवीचा उल्लेख असतो, त्यामुळे तुम्ही आजच्या शिक्षणावरच त्या परीक्षेची तयारी सुरू करू शकता. बाल विकास प्रकल्प अधिकारी या पदाची थेट भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. या जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर घरी बसून राहू नये.

हे काम म्हणजे केवळ नोंदवह्या तपासणे नव्हे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. एका अंगणवाडीत दीड वर्षाच्या मुलीचा दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, 11.3 सेंटीमीटर भरला, म्हणजे तो मोजण्याची रंगीत पट्टी लाल रंगावर आली, कारण 11.5 च्या खालचे मूल तीव्र कुपोषित धरले जाते. आहाराची पाकिटे तर नियमाने घरी पोचत होती. सेविकेबरोबर मी सकाळी साडेसातला घरभेटीला गेले तेव्हा आई एमआयडीसीतल्या कामावर निघून गेली होती आणि आजी नातीला चहात बुडवलेला टोस्ट भरवीत होती. आजीला दिसायला कमी होते, तिला चुलीची भीती वाटत होती आणि हे सुनेला सांगायला संकोच वाटत होता. मुलीला आरोग्य केंद्रात दाखवलेच; पण आईने पहाटे शिजवून झाकून ठेवायचे आणि शेजारच्या काकूंनी दहा वाजता भरवायचे, एवढी व्यवस्था लावून दिल्यावर त्या मुलीचे वजन हळूहळू वाढू लागले. कुपोषणाचे कारण पातेल्यात नव्हते, सासू-सुनेच्या न झालेल्या बोलण्यात होते. असे कारण शोधण्याची नजर तुमच्या अभ्यासक्रमात घडवली जाते, म्हणून तुमच्यासारख्या मुली या खात्यात याव्यात असे मला फार वाटते.

उत्तर 2 : विशेष शिक्षिका, शीघ्र हस्तक्षेप केंद्र

माझी पदवी तुमचीच आहे. पदवीनंतर एका खाजगी पूर्वप्राथमिक शाळेत मी दोन वर्षे शिकवले. तेथे पगार फार कमी होता, आणि चार वर्षांच्या मुलांकडून पानेच्या पाने लिहून घेण्याचा आग्रह मला सहन झाला नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये 3 ते 8 हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. त्यामुळे अशा शाळेत नोकरी धरण्यापूर्वी एक दिवस वर्गात बसून तेथे प्रत्यक्ष काय चालते, ते पाहून घ्यावे.

त्यानंतर मी विशेष शिक्षणातील बी.एड. केले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे किंवा उपचारांचे काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीविना असा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः तपासावे. ‘चाइल्ड सायकॉलॉजी डिप्लोमा’ अशा आकर्षक नावाचे आणि कोणतीही नोंदणी न मिळवून देणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. माझ्या एका मैत्रिणीने अशा अभ्यासक्रमासाठी घरची बचत घातली आणि पुढे कोणत्याही मुलाखतीत त्या प्रमाणपत्राची दखल घेतली गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासात विलंब आढळलेली मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवली जातात. तेथे मुलाशी जेवढे काम असते, त्याहून अधिक काम पालकांशी असते. तीन वर्षांचे मूल एकाच मण्याकडे वीस मिनिटे पाहत बसते, तेव्हा त्याच्या आईला काय सांगायचे आणि आज काय सांगायचे नाही, हे बी.एड.पेक्षा मला माझ्या मूळ पदवीने अधिक शिकवले.

उत्तर 3 : बाल संरक्षण क्षेत्रातील समुपदेशक

बाल न्याय कायदा 2015 मध्ये, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या सदस्यांच्या पात्रतेत ‘मानव विकास’ या पदवीचे नाव स्पष्टपणे दिलेले आहे, ही बाब आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांत किमान एक महिला असावी लागते. मात्र त्यासाठी वयाची पस्तिशी आणि मुलांसाठी केलेल्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे ती आजची नव्हे तर पुढची गोष्ट आहे. आज मिळू शकणारी कामे जिल्हा बाल संरक्षण कक्षात, बालगृहांत आणि विशेष दत्तक संस्थांत असतात. कक्षातील पदे कंत्राटी असून त्यांपैकी अनेकांसाठी समाजकार्याच्या पदवीला प्राधान्य मिळते. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक पदासाठीही समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी मागितली जाते. हे काम करायचे असल्यास ही पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) घ्यावी; नागपुरात मातृ सेवा संघाची व तिरपुडे यांची अशी समाजकार्याची जुनी महाविद्यालये आहेत, त्यामुळे त्यासाठी घर सोडण्याची गरज नाही. अध्यापनाची आवड असेल तर पदव्युत्तर पदवीनंतर गृहविज्ञान विषयात नेट किंवा सेट ही महाविद्यालयीन प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते.

प्रश्नकर्ती :

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. वडिलांना हे सर्व वाचून दाखवले. पर्यवेक्षिका पदाचा अभ्यास चालू ठेवून विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला प्रवेश घ्यावा, असा विचार आता आम्ही दोघांनी केला आहे. त्यापूर्वी एखाद्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काही दिवस केवळ निरीक्षणासाठी बसू देतील का? माझी निरीक्षणवही दाखवली तर उपयोग होईल का?

उत्तर 2 : विशेष शिक्षिका

महाविद्यालयाचे पत्र घेऊन केंद्रप्रमुखांना भेटावे. पालकांची हरकत नसेल तर बहुधा बसू देतात. वही अवश्य आणावी, गुणपत्रिकेपेक्षा मी तीच आधी वाचेन.

उत्तर 3 : बाल संरक्षण क्षेत्रातील समुपदेशक

मूळ वही मात्र बाहेर नेऊ नये. मुलाचे नाव, पत्ता आणि आई-वडिलांचा व्यवसाय झाकून तिची छायाप्रत काढावी, आणि त्यात मुलाचे छायाचित्र चिकटवले असेल तर ते पानच वगळावे. बैलाच्या शिंगाची नोंद ज्या पानावर आहे, ते पान तेवढे राहू द्यावे.